घरचा मिस्त्री

आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या होत्या. त्यांतल्या पंधरा सात-सात इंच उंच होत्या आणि अकरावी सव्वानऊ इंच. मी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली, हे लपवता आलं असतं तर ही हकिकत सांगताना माझी थोडी अब्रू वाचली असती. पण आमच्या कॉलनीत ते कुत्र्यांनाही ठाऊक आहे. कालव्याला किलोमीटरमागे किती उतार द्यायचा ते मी कागदावर काढायचो, आणि पाणी माझ्या रेघेचं ऐकून यावलकडच्या केळीच्या बागांपर्यंत जायचं. निदान कागदावर तरी जायचं. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एका पायरीने सव्वादोन इंचांची घोडचूक करावी, यावर लोकांनी हसू नये अशी माझी अपेक्षाही नाही. फक्त त्यांनी समोर हसू नये.

जिना हवा होता हेमांगीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना. गच्चीवर जायला इतकी वर्षं लोखंडी शिडी होती. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया असं सगळं एका हातात परात आणि दुसऱ्या हातात शिडी धरून ती वर न्यायची. जळगावच्या एप्रिलमधलं ऊन म्हणजे बिबड्यांसाठी देणगीच. सकाळी घातलेला बिबडा दुपारी वाळून कडकड वाजतो. पण साठीजवळच्या बाईने शिडी चढावी हे काही बरं नाही, असं मी पाच-सहा वर्षं म्हणत होतो. शेवटी या फेब्रुवारीत ती म्हणाली, "म्हणणं पुरे. आता जिना बांधा."

त्याच महिन्यात पलीकडच्या मांगीलालजींनाही जिना बांधायचा होता. मांगीलालजींचं कापडाचं दुकान आहे. मूळ गाव राजस्थानात, पण तीन पिढ्या जळगावात गेल्या. मुलासाठी वर मजला चढवायचा म्हणून आधी जिना. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये तीन फुटांची भिंत आहे, तिच्यावर हात टेकून ते म्हणाले, "फेगडेजी, मिस्त्री कोण चांगला?"

असा प्रश्न मला कोणी विचारला की माझी छाती थोडी फुगते. मी म्हणालो, "मिस्त्री एकच. चुडामण."

चुडामण मिस्त्री शिरपूरकडचा. आमचं घर त्याने बावीस वर्षांपूर्वी बांधलं आणि त्यानंतर या घरात खिळा ठोकायचा असला तरी तोच आला. आला की सरळ स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी स्वतः घ्यायचा आणि हेमांगीला विचारायचा, "वहिनी, आज काय शे?" मला तो नाना म्हणतो. त्याच्यापेक्षा मी दोन वर्षांनी लहानच असेन, पण नाना. मी त्याला अरे-तुरे करतो, आणि ते त्याला आवडतं अशी माझी समजूत. कॉलनीतल्या निदान सात घरांना मी त्याचं नाव सुचवलं असेल. एखाद्याने भाव विचारला, तर मी म्हणायचो, "चुडामणला भाव विचारायचा नसतो." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी बोललो आहे की आता ते परत कुठून कुठून गोळा करावं ते कळत नाही.

तर एकच मिस्त्री, भिंतीच्या अलीकडे एक जिना, पलीकडे एक.

मांगीलालजींनी पहिल्या दिवसापासून जो काही प्रकार चालवला, त्याने मला शरम आली. दुकान उघडायच्या आधी सकाळी आठला ते प्लॅस्टिकची खुर्ची टाकून वाळूच्या ढिगाशेजारी बसायचे. हातात स्टीलची टेप. विटा मोजायच्या, वाळू मुठीत घेऊन चोळायची, सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचायची. तिसरी पायरी त्यांनी तीनदा काढायला लावली. चुडामण चिडायचा, ते चिडायचे, मारवाडी आणि अहिराणी यांची जुगलबंदी सबंध गल्लीला ऐकू यायची. परवानगीसाठी नकाशाही त्यांनी रीतसर काढून घेतला. कुणाकडून? माझ्याकडून. शेजारधर्म म्हणून, फुकट. चार प्रती, सही, पायऱ्यांची उंची, रुंदी, सगळं नियमाप्रमाणे.

"आपलाही काढून टाका ना एक," हेमांगी म्हणाली.

मी चुडामणला विचारलं. तो हसला. "परवानगी कसाले लागस नाना? जिना शे, किल्ला नही."

मला ते पटलं. मला त्याचं सगळंच पटायचं. हेमांगी म्हणाली, मांगीलालजींसारखी एकदा टेप तरी लावून बघा. मी तिला शांतपणे समजावलं की माणसावर विश्वास नावाची गोष्ट असते, आणि बावीस वर्षांच्या माणसाच्या कामाला टेप लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. ही समजूत घालताना मी भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढा आवाज ठेवला होता. मांगीलालजी खुर्चीतून म्हणाले, "फेगडेजी, आदमी अच्छा है. टेप भी अच्छी है. दोघांना कामाला लावायचं."

व्यापारी माणूस, म्हटलं, सोडून द्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जिना तयार झाला. हेमांगीने पहिल्या पायरीवर हळदकुंकू वाहिलं. गल्लीतली चार माणसं जमली होती. त्यांत मोतीलाल सर होते, निवृत्त मुख्याध्यापक, जे कुठल्याही समारंभाला असतात आणि कुठल्याही अपघाताला त्याहून आधी असतात. मी घरमालकाच्या चालीने, कठड्याला हात न लावता चढायला लागलो. दहा पायऱ्या झोकात गेल्या. अकराव्या पायरीच्या कडेला माझ्या बुटाचं टोक अडकलं आणि उरलेला जिना मी गुडघ्यांवर आणि तळहातांवर पूर्ण केला.

खालून मोतीलाल सर म्हणाले, "उजवा पाय आधी टाकला होता का?"

त्या दिवसापासून सल्ल्यांचा जो ओघ सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. मोतीलाल सरांचं म्हणणं, पायऱ्यांची संख्या सम असू नये, एक वाढवा. कोणी म्हणालं, अकरावीला लाल रंग द्या. तो दिला. लाल रंगामुळे एवढंच झालं की पडणाऱ्याला आपण कुठे पडलो हे लांबूनही दिसायला लागलं. केबलवाला पडला. गॅसवाला गच्चीवर जात नाही म्हणून वाचला. पाण्याची टाकी धुणारा बादलीसकट पडला आणि त्याने आमच्याकडे येणं सोडलं. शेवटी आम्ही घरातले मोजत चढायला लागलो. "आठ, नऊ, दहा, उचल!" सकाळी कपडे वाळत घालायला हेमांगी निघाली की भिंतीपलीकडून मांगीलालजींच्या बायकोला, राजकुंवरबाईंना, ही गिनती ऐकू जायची. त्याही मनातल्या मनात मोजायच्या असं त्यांनीच सांगितलं. काळजी म्हणून म्हणे.

मी टेप काढली. जी फेब्रुवारीत काढायची होती ती मार्चमध्ये काढली. सव्वानऊ. पुन्हा लावली. सव्वानऊ. मग भिंतीवरून पलीकडे बघितलं. मांगीलालजींचा जिना, तोच मिस्त्री, तेच सिमेंट, तोच महिना. त्यांच्या सोळाच्या सोळा पायऱ्यांवरून नजर अशी सरळ वर जात होती, जशी मी शाळेत असताना पट्टीने ओढलेली रेघ.

चुडामणला बोलावलं. तो आला, पाणी प्यायला, अकराव्या पायरीवर बसला आणि तिच्यावर हात फिरवला.

"जराशी उची व्हई गयी," तो म्हणाला.

"सव्वादोन इंच, चुडामण."

"कायजी नका करू नाना. सवय व्हई जाई. आठे पाय जरासा उचलीसन ठेवानी सवय करा." आठे म्हणजे इथे; त्याने त्या पायरीवर थाप मारून दाखवलं.

मी हसलो. खरं सांगतो, हसलो. एवढं सगळं होऊन त्याच्यासमोर मला राग आणता आला नाही. माझ्या चेहऱ्यावर बावीस वर्षांची हसायची सवय बसली होती, ती एका पायरीने कशी जाणार? दुरुस्ती मात्र करायला लावली. दोन दिवसांनी त्याचा माणूस आला आणि त्याने दहाव्या पायरीवर इंचभर सिमेंटचा थर चढवला. हिशेब असा की दहावी उंच झाली की अकरावी तेवढी ठेंगणी होईल. झाली. पण दहावी आता आठ इंच आणि अकरावी सव्वाआठ. पूर्वी एकदा अडखळायला व्हायचं, आता दोनदा. आमची गिनती बदलली. "आठ, नऊ, उचल, उचल!" राजकुंवरबाईंना मी भिंतीवरून ही सुधारणा कळवली.

इंचभराचा तो थर जुन्या सिमेंटला नीट धरत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मला बरंच काही माहीत असायला हवं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, हेमांगी बिबड्यांची पहिली परात घेऊन वर निघाली. आठ, नऊ असं मोजल्याचं मी आत वर्तमानपत्र वाचत ऐकलं. "उचल" ऐकू आलं नाही. त्याऐवजी परातीचा आवाज आला, आणि मग कसलाच आवाज आला नाही. तो दुसरा भाग मला जन्मभर विसरता येणार नाही.

थराचा तुकडा तिच्या पायाखाली सुटला होता. ती सातव्या पायरीवर बसली होती, उजवा हात डाव्या हातात धरून, आणि ओले बिबडे अंगणभर. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "ज्वारी वाया गेली."

मनगट मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. दवाखान्यातून येताना रिक्षात मी म्हणालो, "मी चुडामणवर एवढा विश्वास ठेवला आणि त्याने..."

"विश्वास नव्हता तो," हेमांगी म्हणाली. तिला बोलताना दुखत होतं तरी ती बोलली. "आळस होता. टेप कपाटात होती. तुम्हाला उठायचं नव्हतं, आणि उठलो नाही याचा तुम्हाला वर अभिमान होता."

मी रिक्षाबाहेर बघत राहिलो. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याला तिचं पटलेलं दिसत होतं.

मग मी स्वयंपाक करायला लागलो, त्याचं वर्णन करत नाही. वरणाला फोडणी वरून द्यायची की आधी, यावर साठीत वाद घालावा लागणं ही स्वतंत्र शोकांतिका आहे. त्याच दिवसांत मोतीलाल सर फळं घेऊन आले आणि म्हणाले, "फेगडे, हे असं सोडू नका. ग्राहक म्हणून तक्रार करा. पण आधी एखाद्या सरकारी माणसाकडून लेखी घ्या की काम सदोष आहे. कागद पाहिजे."

कागद म्हटलं की मला हुरूप येतो. मी जिन्याचं मोजमाप केलं, सुबक आकृती काढली, अकरावी पायरी तांबड्या शाईने दाखवली, आणि अर्ज घेऊन बांधकामाच्या कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडे एक तरुण कारकून बाई होत्या. त्यांनी अर्ज नीट वाचला. बत्तीस वर्षं सरकारी खात्यात काढल्यावर माझा अर्ज कोणी नीट वाचेल अशी अपेक्षा माझी तरी नव्हती.

"काका, जिना नवीन आहे ना? परवानगीचा क्रमांक लिहिला नाही."

मी म्हणालो, "घरातलंच काम आहे. किल्ला नाही."

त्यांनी संगणकावर काही शोधलं. "तुमच्या शेजारच्या प्लॉटचा जिना मंजूर आहे. नकाशावर नाव... व्ही. टी. फेगडे. तुमचे कोणी नातेवाईक?"

"मीच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर कुठेही उद्धटपणा नव्हता, उलट थोडी काळजीच होती. "म्हणजे तुम्हाला नियम माहीत आहेत, काका."

पुढे काय व्हायचं ते झालं. माझाच अर्ज, माझीच सही, माझ्याच हातची सुबक आकृती यांच्या आधारे मला नोटीस आली: बाजूच्या मोकळ्या जागेत विनापरवाना जिना बांधला आहे, तो नियमाप्रमाणे करून नकाशा सादर करा, नाहीतर काढून टाका. नकाशाचा मजकूर काय असावा याची सोबत यादी होती. पायऱ्यांची उंची समान. तांबड्या शाईने मी स्वतःविरुद्ध इतका चोख पुरावा दिला होता की नोकरीत असतो तर मला बढती मिळाली असती.

ती नोटीस हातात घेऊन मी सरळ भिंतीपलीकडे गेलो. चुडामण मांगीलालजींच्या गच्चीच्या कठड्याला गिलावा करत होता. त्याची तीन-चार माणसं होती. मांगीलालजी खुर्चीत.

"चुडामण," मी म्हणालो, "यांची एक पायरी चुकली नाही. माझीच का चुकली?"

त्याने थापी पुसली. बराच वेळ पुसली. मग म्हणाला, "खरं सांगू का नाना? शेटजी भांडस. सकायमा आठ वाजता खुर्ची टाकीसन बसस. मी नही उनू तं फोन करस. म्हनीसन माले आठे उभं ऱ्हावं लागस."

"आणि माझ्याकडे?"

"खालन्या दहा पायऱ्या मीच कऱ्यात. वरन्या पाच पायऱ्या मानसंनी गच्चीपासून खाले कऱ्यात. मी आठे व्हतू, शेटजीकडे." त्याने भिंतीपलीकडच्या माझ्या जिन्याकडे बोट केलं. "मधमा जे उरनं..."

"ती अकरावी."

"तुम्ही तं घरना, नाना," तो म्हणाला, आणि तो हे मनापासून म्हणत होता, तेच सगळ्यात वाईट होतं. "घरना मानसं समजी लेतस."

मला हेमांगीचा राखेसारखा चेहरा दिसला. बावीस वर्षांत जे काही बोललो नव्हतो, ते एका वाक्यात बाहेर आलं, आणि तेही त्याच्या माणसांसमोर. मी म्हणालो, "तुझ्या हातात आता काम राहिलं नाही, चुडामण. लोकांच्या जिवाशी खेळतोस तू."

त्याने थापी घमेल्यात ठेवली. जिन्याच्या त्या सरळ, समान पायऱ्या उतरून तो खाली गेला, मोटारसायकलला किक मारली आणि गेला. मांगीलालजी उठून उभे राहिले. ज्या माणसाने दोन महिने त्याला रोज शिव्या घातल्या होत्या, तो मला म्हणाला, "फेगडेजी, ये अच्छा नहीं किया. काम को बोलो. हाथ को नहीं बोलते."

आणि कॉलनी? सात घरं, ज्यांना मी चुडामण दिला होता, ती सगळी त्याच्या बाजूने उभी राहिली. भाजी घेताना बायका हेमांगीला तिच्या हाताबद्दल विचारायच्या आणि पाठोपाठ म्हणायच्या, "पण फेगडेभाऊंनी म्हाताऱ्या माणसाला एवढं बोलायला नको होतं." मोतीलाल सरांनी तर सांगितलं की कागद करा असं ते म्हणाले होते, तोंड करा असं नाही. मोडलेलं मनगट आमच्या घरात, आणि सांत्वन मिस्त्रीचं. मी दुसरा मिस्त्री आणला. त्याने जिन्याभोवती फेरी मारली, "हे कोणाचं काम?" म्हणून विचारलं, नाव ऐकलं आणि म्हणाला, "चुडामणभाऊंचं काम मी नाही फोडणार." तोही गेला.

नोटिशीची मुदत संपायला दहा दिवस उरले तेव्हा एका सकाळी दार वाजलं. चुडामण. हातात वही. तो दारातच उभा होता.

"साहेब," तो म्हणाला, "जिना करून द्यायचा आहे. आपण वेळ सांगा."

इतक्या शुद्ध मराठीत तो माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला. शाळेत साहेब तपासणीला आले की मुलं बोलतात तशी. मी म्हणालो, "आत ये." तो म्हणाला, "इथे बरं आहे." हेमांगी प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून बाहेर आली, तेव्हा मात्र त्याने मान खाली घातली आणि त्याचे ओठ काहीतरी म्हणायला हलले. मग तो सरळ जिन्याकडे वळला.

त्याने खालची तिरपी स्लॅब ठेवून वरच्या सगळ्या पायऱ्या फोडल्या. सगळ्या सोळा. अकरावीवर घण घालताना मी बघत होतो, त्याने तिच्यावर विशेष राग काढला नाही. मग पाण्याची नळी लावून पातळी घेतली, दोरी ताणली, ओळंबा सोडला. एकूण उंची मोजली, भागाकार इंचाच्या आठव्या भागापर्यंत, म्हणजे सुतापर्यंत, वहीत लिहिला, वही माझ्यापुढे धरली. "प्रत्येक पायरी सात इंच एक सूत. उरलेलं पाव इंच गच्चीच्या कोब्यात जाईल. पाहून घ्या, साहेब." प्रत्येक पायरी झाली की तो मला हाक मारायचा आणि माझ्या हातात टेप द्यायचा. मी म्हणायचो, बरोबर आहे रे. तो म्हणायचा, "लावून बघा." मी लावायचो. सात इंच एक सूत. सोळा वेळा मी वाकलो आणि सोळा वेळा त्याने वहीवर माझी सही घेतली. सकाळी आठला तो हजर असायचा आणि त्याचं पाणी तो बाटलीतून घेऊन यायचा.

काम उत्तम झालं. मी नकाशा काढला, कार्यालयातल्या बाईंनी तो बघून "छान, काका" म्हटलं, परवानगीचा कागद आला. मांगीलालजींनी भिंतीवरून दोन्ही जिन्यांना निरखून पाहिलं आणि कबूल केलं की आमचा एक सुताने सरस आहे. मेच्या अखेरीस हेमांगीचं प्लॅस्टर निघालं. ती न मोजता चढते, पण दहाव्या पायरीनंतर तिचा पाय अजून कणभर जास्त उचलला जातो, मी खालून बघितलं आहे.

जूनच्या सुरुवातीला चुडामणच्या धाकट्या मुलीचं, भाविकाचं लग्न ठरल्याचं कळलं. कळलं म्हणजे मोबाइलवर पत्रिका आली. खाली छापलं होतं, समक्ष भेटून निमंत्रण देणे शक्य झाले नाही, तरी हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. पत्रिका आली तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो, आणि चुडामण भिंतीपलीकडे मांगीलालजींच्या पायरीवर बसून राजकुंवरबाईंच्या हातात अक्षता ठेवत होता.

"जायचं," हेमांगी म्हणाली.

शिरपूरच्या अलीकडे त्याचं गाव. आम्ही बसने गेलो. मांडव मोठा होता, कूलर लावले होते, एका बाजूला चुलींवर वांग्याची भाजी घोटली जात होती आणि बट्ट्या तळून निघत होत्या. दहा वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या मुलीच्या लग्नात याच अंगणात मी बाह्या सरसावून तूप वाढत फिरलो होतो. हेमांगी बायकांबरोबर बट्ट्या चिरायला बसली होती. परत निघताना तूप सांडून माझा शर्ट पार खराब झाला होता आणि चुडामणच्या बायकोने मला दुसरा शर्ट घालायला लावला होता, त्याचाच, बगलेत घट्ट.

आता आम्ही मांडवात शिरलो तसा एका तरुणाने आम्हाला पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्च्यांवर नेऊन बसवलं. शेजारी कोणी सरपंच, कोणी बँकेचे साहेब. माइकवर आवाज आला, "जळगावहून खास उपस्थित राहिलेले, पाटबंधारे खात्याचे निवृत्त अधिकारी, मा. फेगडे साहेब यांचा यजमानांच्या वतीने सत्कार होत आहे." मी अधिकारी कधीच नव्हतो. चुडामण आला. नवं धोतर, गुलालाने माखलेला फेटा. त्याने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर उपरणं टाकलं, हातात नारळ दिला आणि दोन्ही हात जोडले.

"साहेब, जेवल्याशिवाय जायचं नाही. काही कमी-जास्त वाटलं तर सांगा."

"चुडामण," मी म्हणालो. पुढे काय म्हणायचं ते मी बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. पण तेवढ्यात चुलींकडून गलका झाला. मांगीलालजी. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर, कपाळावर घाम, तुपाचा डबा उघडून ते आचाऱ्याशी भांडत होते. "पतला है! ये क्या घी है? वास घेऊन बघ!"

चुडामण तिकडे वळला आणि ओरडला, "ओ शेटजी! आते भांडू नका, पंगत बसनी!" त्याच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मी मान फिरवली.

मी उठून चुलींकडे गेलो. टोपी, उपरणं, नारळ सगळं सांभाळत गेलो आणि तुपाच्या भांड्याला हात घातला. मघाच्याच तरुणाने ते हळूच माझ्या हातून काढून घेतलं. "साहेब, तुम्ही बसा. पाहुण्यांनी हात नाही लावायचा."

मी पंगतीत जाऊन बसलो. हेमांगीने माझ्याकडे बघितलं आणि नारळ माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या पिशवीत ठेवला. मांगीलालजी तूप वाढत आमच्यापर्यंत आले. माझ्या बट्टीवर त्यांनी जरा जास्तच ओतलं.

तूप खरंच पातळ होतं.

शेजारच्या बँकेच्या साहेबांनी वाकून विचारलं, "कसं आहे जेवण?"

"उत्तम," मी म्हणालो. "फारच उत्तम."